बिनकुलपाची बंदिश

जोग्जाकार्ता, २२ जानेवारी

पाकदे,

लांबूनच तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकवते. बुदेच्याही. थोरले काका-काकू, रीत मोडायची नाही.

फोन केला की "बोललेलं वाऱ्यावर जातं, पत्र लिही" असं म्हणून तुम्ही ठेवून देता. म्हणून लिहितेय. मी अजून धक्क्यातून सावरलेली नाही.

आमचं 'बुका' तुम्हाला माहीत आहेच. आपल्या काशाच्या वाद्यमेळाच्या, गामेलानच्या, बंदिशींचे सूर आकड्यांत लिहायचं आणि लिहिलेलं वाजवून ऐकवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, शिवाय ओपन सोर्स, म्हणजे कुणीही त्याचं पोट उघडून बघावं आणि जमलं तर दुरुस्त करावं. जगभरातले लोक आपापल्या रिकाम्या वेळात हे काम करतात. कुठल्या रिलीजमध्ये कुठलं फीचर घालायचं, कुठलं पुढे ढकलायचं आणि कुणाला 'नाही' म्हणून वाईटपणा घ्यायचा, हे माझ्याकडे.

एक जूनच्या रिलीजसाठी आम्ही वापरणाऱ्यांची मतं मागवली. मोबाइलवर चालणारं बुका पहिलं येणार याची मला खात्री होती. वर्षभर घाम गाळलाय मी त्यावर. ते आलं चौथं. पहिलं काय आलं, तर "दरबारी बंदिशी पुष्कळ झाल्या, आता खेड्यांतल्या द्या." मी स्क्रीनकडे बघतच राहिले. लोकांना नवं यंत्र नकोय, जुनी गाणी हवीत.

आणि खेडं म्हटलं की मला एकच माहीत आहे. पाकदे, वातुकेदुंगच्या चाळीसेक बंदिशी फक्त तुम्हाला येतात. लिहून द्याल का? 'केदुंग सेपी' तर हवीच. प्रत्येकीखाली तुमचं नाव राहील.

तुमची,
निंग

---

वातुकेदुंग, शुक्रवार वागे, २ फेब्रुवारी

गेंडुक निंग,

पोरी, पत्र बसच्या ड्रायव्हरनं आणून दिलं. मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की मला कमी दिसायला लागलंय. फुकट? माझ्या बापाच्या, त्याच्या गुरूच्या बंदिशी कुणीही उपटसुंभानं यावं आणि फुकट घेऊन जावं? अगं, एक बंदिश शिकायला माणूस सहा सहा महिने गुरूच्या घरी पाणी भरायचा, म्हैस धुवायचा. तुमच्याकडे बोट टेकवलं की झालं. अशानं बंदिशीची काय किंमत राहील?

तुझी बुदे म्हणाली, "किंमत जाऊ द्या खड्ड्यात. आत्ता तरी कोण येतंय म्हैस धुवायला? आता तर म्हैसपण नाही."

बोलते ती खरं, म्हणून जास्त राग येतो. माझ्या पथकात आता सात बायका आणि अर्धा बहिरा ढोलकीवाला. हाताला सांगितलं तसं वाजवतात, गुणी आहेत बिचाऱ्या, पण विचारत कुणी नाही. "इथं असं का, तिथं तसं का," असं विचारणारं एक माणूस मला हवंय. तसं माणूस मिळालं नाही तर ह्या चाळीस बंदिशी माझ्याबरोबर मातीत जातील. तुझ्या बापाला विचारून उपयोग नाही. त्याला लहानपणी गोंगसुद्धा वेळेवर मारता येत नव्हता, म्हणून तो जकार्ताला जाऊन सिमेंट विकतो.

तर देतो. तुझं बुका जगभर जाईल, तर जगात कुठंतरी एखादा कानाचा पक्का असेलच, आणि तो माझ्या दाराशी येईल. पण एक बघ, गोऱ्यांच्या कागदावर ओळीची पहिली मात्रा जड असते. आपली सम ओळीच्या शेवटी, गोंगवर. ते उलटं झालं तर मी जोग्जाला येऊन तुझे कान उपटीन. दुसरं, रिलीज एक जूनला ठेवलंयस असं तू लिहिलंस. मी आपल्या पाच वारांच्या चक्राशी जुळवून मोजून बघितलं, त्या दिवशी शनिवार वागे पडतो. तुझे आजोबा शनिवार वागेलाच गेले. बापाच्या मरणवारी आपल्यात कुणी नवं काम काढत नाही.

लिहून देतो. माझ्या हातानं आणि माझ्या पद्धतीनं.

तुझा पाकदे,
रेसोविजोयो

---

जोग्जाकार्ता, १२ जून

पाकदे,

आधी खाली बसा आणि मग वाचा.

रिलीज सोमवारी केलं. शनिवार का नको, असं एका डच पोरानं विचारलं. मी लिहिलं, "आजोबांचा मरणवार." तो म्हणाला, अरेरे, कधी गेले? मी म्हटलं, मी पहिलीत होते तेव्हा. त्यावर त्यानं तारीख बदलून सोमवार केला.

आणि पहिल्या आठवड्यात इतक्या लोकांनी बुका उतरवून घेतलं की आमचा सर्व्हर दोनदा झोपला. मागची तीन रिलीजं एकत्र केली तरी एवढे नव्हते. सगळे तुमच्या बंदिशींसाठी. मला रडू आलं, खरंच सांगते, ऑफिसात सगळ्यांसमोर. 'केदुंग सेपी' तर सगळ्यात जास्त वाजते आहे. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मुलांनी ती वाजवून चित्रफीत टाकली, जपानच्या एका पथकानं टाकली. काल मी भात खायला बसले तर शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या मोबाइलवर तीच.

सम शेवटीच आहे. कान उपटायला येऊ नका, पण तसेच या.

निंग

---

वातुकेदुंग, शुक्रवार लेगी, २८ जून

गेंडुक निंग,

पोचलं. आनंद झाला. बायकांनी ही बातमी ऐकली तेव्हा त्याही चकित झाल्या.

आता मला हे सांग. कुणी काही विचारलं का? अमेरिकेच्या पोरांनी, जपान्यांनी, कुणीही? एखादी ओळ खटकली, एखादा सूर टोचला, असं काही? तुमच्याकडे लोकांनी चुका कळवायची काही सोय आहे म्हणाली होतीस. त्यात बघून कळव. माझा पत्ता दिला आहेस ना सगळीकडे? नीट दिलास ना, टेकडी उतरली की चिंचेच्या पुढचं घर?

पाकदे

ता.क. निंग, मी बुदे लिहितेय, हे बाहेर गेलेत तेवढ्यात. ह्यांना काय झालंय ते मला कळत नाही. रोज दुपारी चार वाजता आंघोळ करून, लग्नातला बातिक शर्ट घालून ओट्यावर बसतात. कुणाची वाट बघताय म्हटलं तर म्हणतात, हवा खातोय. दोन कप कॉफी करायला लावतात आणि दोन्ही स्वतःच पितात. झोप लागत नाही, मग मला उठवतात.

---

जोग्जाकार्ता, ८ जुलै

पाकदे,

बुदेला सांगा, दुसरा कप चहाचा करत जा.

तुमची काळजी मिटवते. तक्रारपेटी बघितली, तुमच्या बंदिशींबद्दल एकही तक्रार शिल्लक नाही. जे लिहितात ते फक्त वाहवा लिहितात. चाळीस बंदिशींत एक चूक नाही, असं आमच्याकडे कधी घडलेलं नाही. दरबारी बंदिशींत सुद्धा पन्नास चुका निघाल्या होत्या.

आणि ऐका. सतरा ऑगस्टला वोनोगिरीत गामेलानची स्पर्धा आहे ना, त्यात सगळ्या पथकांना 'केदुंग सेपी' सक्तीची केली आहे. बुकातूनच कागद छापून घेतलेत त्यांनी. पाकदे, तुमच्याच गावची बंदिश! पहिला नंबर आपल्या बायकांचा. दुसरं कोण येणार?

निंग

---

वातुकेदुंग, सोमवार पॉन, १९ ऑगस्ट

निंग,

आम्ही शेवटून दुसरे आलो.

बायका दोन दिवस तालमीला आल्या नाहीत. तुझी बुदे गेंदेरच्या काशाच्या पट्ट्यांपुढे बसते, पण हात लावत नाही. तीन परीक्षक होते, तिघांच्या हातात तुझ्या बुकाचे कागद. मोठा परीक्षक, तोंडात लवंगेची सिगरेट, मला म्हणाला, "पाक, तुमचं पथक सुरेख वाजवतं, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी सगळ्याजणी चुकल्या. दोन नाही, तिथं एक आहे. मूळ बंदिश बघत जा." मूळ बंदिश. मला म्हणाला. माझ्याच नावाचा कागद माझ्या नाकासमोर धरून.

मी तो कागद हातात घेऊन मागं उभा राहिलो. बाकीची अकरा पथकं एकामागून एक त्या जागी एकावर आली. धाडकन एकावर, वर गोंग. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

आता तुला सांगतो. तो एक मीच घातला.

अगं, गुरू बंदिश लिहून देतो तेव्हा उघडी देत नाही. कुलूप घालून देतो. माझ्या बापानं मला हेच शिकवलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, गोंगवरचा सूर, एक पायरी खाली. तिथं दोन हवा, लिहायचा एक. तीन हवा, लिहायचा दोन. ज्याला कान आहे त्याला तो सूर तिखटात साखर पडल्यासारखा लागतो. तो मग कागद घेऊन गुरूकडे येतो, विचारतो. गुरू हसतो, कॉफी देतो आणि खरं सांगतो. ज्याला कान नाही, त्याच्याकडे कागद राहिला तरी बंदिश जात नाही. त्यात चोरी नाही, फसवणूक नाही. सगळे गुरू असंच करायचे.

चाळीसच्या चाळीस बंदिशींना मी कुलूप घातलंय. मला वाटलं होतं, महिन्याभरात कुणीतरी दार वाजवेल. हजारोंनी वाजवलं म्हणतेस, जपानपासून अमेरिकेपर्यंत. निंग, एकालाही खटकलं नाही?

पाकदे

---

जोग्जाकार्ता, २३ ऑगस्ट

पाकदे,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा वाचलं.

मुद्दाम? चाळीसही? हो की नाही एवढंच मला लिहा, कारण माझा अजून विश्वास बसत नाही.

तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंत? ते तुमच्या ओट्यावरचं पान नाही की एकाला दिलं आणि त्याने गुपचूप परत आणलं. हजारो मोबाइलांत, शाळांत, परदेशी कॉलेजांत चाळीस खोट्या बंदिशी गेल्या आहेत आणि प्रत्येकीवर माझी सही आहे. लोकांनी विश्वासानं घेतल्या. आमच्याकडे दुसरं भांडवलच नाही पाकदे, पगार नाही, इमारत नाही, नुसता विश्वास. कुणाला चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करावी म्हणून आम्ही सगळं उघडं ठेवतो, आणि तुम्ही उघड्या घरात कुलूप आणून लावलंत.

बायकांची स्पर्धा गेली, त्याचं बुदेला काय सांगितलंत? की तिलाही कुलूपच?

ऑक्टोबरच्या मध्यावर पुढचं रिलीज आहे. त्यात मी दुसरं काहीही घालणार नाही, मोबाइलचं फीचर पुन्हा पुढं ढकललं. फक्त तुमचे चाळीस सूर. खरे सूर लिहून पाठवा. नाही पाठवलेत तर सगळ्या चाळीस बंदिशी काढून टाकीन आणि कारणही लिहीन.

निंग

---

वातुकेदुंग, गुरुवार क्लिवोन, ५ सप्टेंबर

निंग,

हो. चाळीसही. आणि शरम वाटत नाही, तेही लिहून ठेव.

तू रागावलीस, रागाव. बुदे तर तुझ्या वरताण आहे. तिनं मला आठ दिवस कोरडा भात वाढला, वर तोंडी लावायला 'एक की दोन' असं विचारते. पण तुम्हा दोघींना एक गोष्ट कळत नाहीये. मला स्पर्धेचं दुःख नाही. मला जे लागलंय ते वेगळंच आहे. मी जगाला चुकीचा सूर दिला आणि जगानं मान डोलावली. माझी झोप उडालीय ती त्यामुळं. चोर आला असता तर बरं वाटलं असतं, निदान कुलुपाला हात लावला असता त्यानं. इथं दाराशी कुणी फिरकलंच नाही.

माझं सांगतो. महायुद्धातल्या जपान्यांच्या काळात गावानं गामेलानचं सगळं कांसं गोठ्याखाली पुरलं होतं, नाहीतर वितळवून नेलं असतं. ते बाहेर निघेपर्यंत जुने वादक एकेक करून गेले. उरला एकटा माझा बाप, तोही बोटं आखडलेला. त्याच्याकडून सगळं माझ्याकडं आलं आणि माझ्याकडून गावाकडं. त्यानं मला एकूणएक बंदिश कुलूप घालून दिली. मी प्रत्येक पकडली. दोन दिवसांत, कधी दोन तासांत. "बाबा, इथं काहीतरी आहे." तो हसायचा, स्वतः उठून कॉफी करायचा. असा मी त्याचा वारस झालो, नुसता पोटी जन्मलो म्हणून नाही.

'केदुंग सेपी' तेवढी त्यानं मला बिनकुलपाची दिली. घरच्या मुलाला घरची बंदिश, तिला कसलं कुलूप. मी ती वाजवली आणि कुठंच काही खटकलं नाही. तेव्हा मला इतका अभिमान वाटला होता.

म्हणून सांगतो, एक माणूस आणून दे मला. एकच, ज्याला खटकलं. तो आला तर चाळीस खरे सूर त्याच्या हातात देतो. कुणीच नसेल, तर काढून टाक सगळ्या. कुणाला फरक पडणार नाही हे तर दिसलंच.

पाकदे

---

जोग्जाकार्ता, १६ सप्टेंबर

पाकदे,

आलं होतं एक माणूस. मी परत पाठवलं.

हे लिहिताना मला स्वतःचीच भीती वाटतेय. दुरुस्तीची तयारी म्हणून मी तक्रारपेटी मुळापासून उपसत होते. आमच्याकडे तक्रार निकालात काढली की ती समोरून नाहीशी होते, खाली जाऊन पडते. मी जुलैत तुम्हाला लिहिलं की एकही तक्रार शिल्लक नाही. शिल्लक नव्हतीच. मीच ती निकालात काढली होती, रिलीज झालं त्याच आठवड्यात, शंभर कामांच्या गडबडीत, आणि विसरून गेले होते.

बाईचं नाव हिल्डा सोमोदिक्रोमो. सुरिनाममध्ये असते, समुद्रापलीकडे, परामारिबो शहरात नर्स आहे. तिनं लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

"माझी पणजी वातुकेदुंगची. उसाच्या मळ्यावर करारानं आली, जहाजातून, आणि परत गेली नाही. 'केदुंग सेपी' ही चाल आमच्या घरात तांदूळ निवडताना गातात. आम्हाला वाटायचं ती आमच्या घरातच तयार झाली. तुमच्या यंत्रावर ती ऐकली तेव्हा मी ड्यूटीवर होते, तिथंच सोबत गायला लागले. पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक नाही येत. तिथं तीन आहे. आजी म्हणायची, तिथं आवाज खाली टाकायचा नाही, तांदूळ सांडतो. कृपया तपासाल का? आणि ज्यांनी ही लिहून दिली त्या गुरुजींना मला काही विचारता येईल का?"

आणि खाली माझं उत्तर: "ही नोंद खुद्द गुरूंच्या हातची आहे. ही चूक नाही. धन्यवाद." पुढं शिक्का, 'निकालात'.

तिला विचारायचं होतं, पाकदे. तुम्ही बातिक शर्ट घालून जिची वाट बघत होतात ती दाराशी येऊन उभी होती आणि दार मी लावलं.

तिनं सांगितलेला तीन बरोबर नाही हे मला माहीत आहे, खरा दोन आहे. एवढ्या समुद्रापार, एवढ्या वर्षांत एक सूर सरकणारच. पण खटकलं तर होतं तिला. जागा तर तिनं बरोबर पकडली. आता तरी खरे सूर पाठवाल ना?

निंग

---

वातुकेदुंग, मंगळवार लेगी, १ ऑक्टोबर

गेंडुक निंग,

सोबत एकोणचाळीस बंदिशींचे खरे सूर आहेत. बुदेनं माझ्या शेजारी बसून एकेक वाजवून बघितलाय, तेव्हा तुला शंका नको. घाल तुझ्या रिलीजमध्ये. वार तू ठरव, मी मोजत बसत नाही.

चाळिसाव्याचं सांगतो. सांगायला मला आठ दिवस लागले.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, बिचारी, तीन म्हणते. मग बुदेला गंमत म्हणून सांगितलं. तिनं गेंदेर ओढलं आणि दुसरी ओळ तीनवर आणून संपवली. पुन्हा वाजवली. मग नुसती गायली. निंग, त्या ओळीचा शेवटचा शब्द दोनवर आला की श्वास अर्ध्यात तुटतो. आयुष्यभर तुटत आलाय. मी बायकांना त्यासाठी ओरडत आलोय की दम धरा, दम धरा, ही बंदिश अवघड आहे. तीनवर तो शब्द आपोआप जाऊन बसला. दम धरावाच लागला नाही. बुदे माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी. एक पायरी खाली. तीन हवा, लिहायचा दोन.

आता तुला कळलं असेल. हिल्डाची पणजी बाबा विशीत यायच्या आधी गावातून गेली. तिच्याजवळ होती ती बंदिश उघडी होती. मला दिली ती उघडी नव्हती. बाबांनी मला बिनकुलपाचं काही दिलंच नव्हतं. ह्या एका बंदिशीचं कुलूप मला दिसलं नाही आणि मी ते अभिमानानं सांगत फिरलो. त्याच्यावर मी माझं कुलूप घातलं. वोनोगिरीच्या परीक्षकाला मी मनात शिव्या घातल्या, की ह्याच्या कानात काय बोळे आहेत का. बाबा गेल्यानंतरच्या हजाराव्या दिवसाच्या विधीला सगळ्या गावासमोर मी 'केदुंग सेपी' वाजवली. दोनवर.

तू हिल्डाची ती तक्रार पुन्हा उघड. तुझं उत्तर खोड आणि माझं लिही, की बाई, तुमचा तीन खरा आहे. बंदिशीखाली माझं नाव ठेवू नकोस, तिच्या पणजीचं घाल, नाव तिलाच विचार. आणि तिला म्हणावं, गुरुजींना काही विचारायचं होतं तुम्हाला, पण आता गुरुजींनाच तुम्हाला विचारायचंय. पहिल्या ओळीपासून. सगळी गाऊन पाठवा. मला वाटतं, तिसऱ्या ओळीतही काहीतरी असेल. मला आता कशाचीच खात्री नाही.

बुदे म्हणते जेवून घ्या, मग लिहा. पण एवढं लिहून टाकतो.

बाबा शेवटची तीन वर्षं अंथरुणाला होते. रोज संध्याकाळी मला बोलावून 'केदुंग सेपी' वाजवायला लावायचे. मी समजायचो, म्हाताऱ्याला आवडते. वाजवून झाली की ते डोळे मिटून पडून राहायचे आणि मग विचारायचे, "रेसो, काही विचारायचंय का?"

मी म्हणायचो, नाही बाबा, सगळं आलं मला.

तुझा,
रेसो